दोन त्रिकोणांच्या पुढे

वारली चित्र शिकायचं म्हटलं की सुरुवात कुठून होते? दोन त्रिकोणांपासून. एक उलटा, एक सुलटा, टोकाला टोक. वर गोल डोकं, काड्यांचे हातपाय, झालं माणूस. शिबिरात मूल हे शिकतं आणि संध्याकाळी पिशवीवर तारपा नाच काढून घरी येतं. यात गैर काही नाही, हात चालू होतो. माझी तक्रार एवढीच, की शिकवणं तिथंच थांबतं.

मुळात ही चित्रं शोभेची नव्हती. डहाणू-तलासरीकडं लग्नघरात सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, त्याच्या मधोमध पालघाट देवी. चौकाशिवाय लग्न पुरं होत नाही. म्हणजे ते चित्र हा विधीचाच भाग आहे. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी तिकडं गेले, चित्रं कागदावर आली, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे रोजच चित्रं काढू लागले. बायकांचं काम पुरुषानं हाती घेतलं, हीच मोठी गोष्ट. त्यांना १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ला पद्मश्री. २०१८ला ते गेले.

त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र बघा. सगळा कागद बारीक रेघांनी विणलेला. मासा, माणूस, होडी, सगळं त्या विणीत. आपल्या नकलांमध्ये काय असतं? पुठ्ठ्याच्या मधोमध नाच, कोपऱ्यात झोपडी, दुसऱ्या कोपऱ्यात ताडाचं झाड. चित्र भरलेलं दिसतं, पण त्यात घडत काही नाही.

फरक कुठं पडतो सांगतो. तो पडतो कंबरेत. दोन त्रिकोण जिथं टेकतात तिथं माणूस वाकतो. वरचा त्रिकोण पुढं कलला की तो पेरतोय, मागं कलला की दोर ओढतोय. नकलेतली माणसं सरळसोट उभी, कवायतीला उभी केल्यासारखी. म्हणून नवशिक्यानं पहिला आठवडा नाच काढूच नये. फक्त कल काढावा. घागर उचलणारी बाई, वैरणीचा भारा नेणारा माणूस, पाळणा हलवणारी आजी. आधी बघायचं, मग काढायचं.

सामान फार लागत नाही. पुठ्ठ्याला किंवा जाड कापडाला गेरूचा हात द्यायचा, वाळू द्यायचा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून थोडा डिंक घालायचा. बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचा. पीठ पातळ झालं तर रेघ वाळल्यावर फिकी पडते. पोस्टर कलरचा पांढरा चालेल, पण लाल-निळा-पिवळा घालून रंगपंचमी करू नका. दोनच रंगांत सगळं सांगायचं, ही इथली शिस्त.

आता मुद्द्याचं. माजलगावच्या पोरानं ताडाचं झाड का काढावं? त्याच्या डोळ्यासमोर बाभूळ आहे. सिंदफणेवरच्या धरणात जाळी पडतात. पोळ्याला रंगवलेली शिंगं आहेत. दसरा-दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला जाणारी माणसं आहेत. कोयता, मोळी, कोपी आहे. कोपीत राहून आलेल्या पोराला आपण तारप्याची नक्कल करायला लावतो, तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीच नाही, असं आपण त्याला न बोलता शिकवतो. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

कुणी म्हणेल, मग ते वारली कसं? नाहीच ते वारली. वारली चित्राला २०१४ला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते नाव त्या माणसांचं आहे. आपण विकताना ‘वारली पद्धतीवरून’ असं लिहावं, आणि लग्नाचा चौक ट्रेवर-चपलेवर उतरवू नये. रेघेची शिस्त त्यांच्याकडून घ्या, तसं मोकळेपणानं सांगा. चित्रात मात्र आपलं गाव येऊ द्या.