‘लोला व्हर्सेस पॉवरमॅन’: तबकडीच्या दोन बाजू

कलावंताला ज्या व्यवस्थेवर टीका करावयाची असते, तिच्याच मार्फत ती टीका श्रोत्यांपर्यंत पोहोचवावी लागते. अशा टीकेचे मूल्य कशावरून ठरवावे, हा लोकप्रिय संगीताच्या समीक्षेतील मूलभूत प्रश्न होय. ‘द किंक्स’ या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाची ‘लोला व्हर्सेस पॉवरमॅन अँड द मनीगोराउंड, पार्ट वन’ ही दीर्घ तबकडी ‘पाय रेकॉर्ड्स’ने नोव्हेंबर १९७० मध्ये प्रकाशित केली. या प्रश्नाच्या दृष्टीने ती लक्षणीय ठरते ती तिच्यातील संतापामुळे नव्हे, तर गीतांच्या क्रमामुळे.

पहिल्या बाजूवर संगीतव्यवसायाची साखळी कडीकडीने उलगडते. ‘डेन्मार्क स्ट्रीट’ हे गीत लंडनमधील संगीतप्रकाशकांच्या रस्त्यावर नेते. तेथील प्रकाशकाला गाणे आवडत नाही, तरी संधी हुकू नये म्हणून तो करार करतो. ‘गेट बॅक इन लाइन’मध्ये काम मिळणे न मिळणे कामगार संघटनेच्या माणसाच्या हाती आहे. वादकसंघटनेच्या अडवणुकीमुळे १९६५ ते १९६९ या काळात किंक्सना अमेरिकेत कार्यक्रम करता आले नव्हते, ही पार्श्वभूमी येथे महत्त्वाची आहे. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ विक्रीच्या क्रमवारीत चढत जाणाऱ्या गाण्याची कथा सांगते, तर ‘द मनीगोराउंड’मध्ये त्या यशाच्या पैशाची वाटणी होते. म्युझिक हॉलच्या विनोदी ढंगात रे डेव्हिस रॉबर्ट, ग्रेनव्हिल आणि लॅरी अशी खऱ्या माणसांची नावे घेतात. व्यवस्था ही येथे अमूर्त कल्पना न राहता वाटेकऱ्यांची यादी होते. मात्र तबकडीच्या मध्यभागी जिचे नाव छापलेले आहे, ती कंपनी या यादीत नाही.

‘लोला’ हे गीत संघटना आणि विक्री यांच्या मधोमध येते. एका तरुणाच्या क्लबमधील भेटीची ही कथा. व्यवसायाशी तिचा संबंध नाही. तथापि या स्थानामुळे पुढील सारा व्यवहार ज्यावर चालतो, तो माल म्हणजे हेच गीत, असा अर्थ निष्पन्न होतो. ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेल्या एकगीत तबकडीसाठी डेव्हिस यांना ‘कोका-कोला’ हा शब्द बदलावा लागला, कारण बीबीसीला व्यापारी नाव मान्य नव्हते. दीर्घ तबकडीवर मूळ शब्द कायम राहिला. टीका आणि तडजोड अशा रीतीने एकाच गीताच्या दोन पाठांत नोंदली गेली.

दुसऱ्या बाजूवर मात्र विश्लेषणाची जागा आकांक्षा घेते. ‘एपमन’ अरण्यजीवनाचे स्वप्न रंगवते, ‘पॉवरमॅन’मध्ये सत्ताधीश पुन्हा अवतरतो, परंतु निनावी, आणि ‘गॉट टू बी फ्री’ मुक्तीची घोषणा करते. ही मुक्ती व्यवहारात उतरली नाही. १९७१ मध्ये वाद्यवृंदाने आरसीए या दुसऱ्या कंपनीशी करार केला. दुसरा भाग कधीच निघाला नाही. आणि ‘लोला’ गाजूनही दीर्घ तबकडी ब्रिटिश क्रमवारीत आली नाही. या कृतीचे सामर्थ्य मुक्तीच्या घोषणेत नसून पहिल्या बाजूवरील हिशेबात आहे. व्यवस्थेबाहेर पडता आले नाही, तरी तिचा जमाखर्च श्रोत्यांसमोर मांडता येतो, एवढे तिने निश्चित सिद्ध केले.