देहांची भिंत आणि हेतू

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधील (प्रथम प्रयोग १९७२) मानवी भिंतीची चर्चा बहुधा शैलीचा एक विशेष म्हणून होते, देहाच्या हालचालीमागील सामाजिक हेतूचा प्रश्न बाजूला पडतो. मार्सेल मॉस यांनी १९३४ च्या व्याख्यानात असे दाखविले, की चालणे, पोहणे यांसारख्या क्रियाही समाजाकडून शिकलेली तंत्रे असतात. परंतु सवय म्हणजे हेतू नव्हे. समोर कोण आहे आणि त्याला काय दिसू द्यायचे आहे, यानुसार एकच हालचाल वेगळी घडते. ब्राह्मणांची रांग सलग उभी राहून डोलते, तेव्हा ते भजन असते आणि मागचे झाकणारा आडोसाही. रांग फुटताच तीच माणसे बावनखणीची वाट धरतात. देह तेच, बदलतो तो हेतू. शिवाय हा हेतू कोणा एकाचा नसतो. एकट्या माणसाची भिंत होत नाही. खांद्याला खांदा भिडल्यावरच झाकणे शक्य होते. सत्तेला लागणारी मूकसंमती येथे संवादांहून अधिक देहांच्या परस्परसंबंधातून व्यक्त होते. म्हणूनच केवळ छापील संहितेवर विसंबणारी समीक्षा या नाटकाचे राजकारण अर्धेच वाचते.