कुंडीत लपवलेला कान

शाळेच्या प्रार्थनेला पन्नास मुले उभी राहतात, तेव्हा जिचा गळा सर्वांत गोड त्या मुलीलाच मला दरवर्षी सांगावे लागते, "अगं, तू जरा हळू." बाकीच्या एकोणपन्नासांना तिच्या पातळीवर चढवणे माझ्या हाती नसते, दोन पायऱ्या उतरणे तिच्या हाती असते. अनुबोधपटाच्या संकलकाची रीतही वर्षानुवर्षे हीच होती.

एकाच प्रसंगी दोन कॅमेरे दोन ठिकाणी उभे असतात. एकाचा मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या तोंडाशी, दुसऱ्याचा पंधरा हातांवर. पहिल्यात शब्द स्वच्छ येतात; दुसऱ्यात भिंतींवर आपटून परतलेला आवाज, पंख्याची घरघर, कुणाचे खोकणे, सारेच शिरते. ही दृश्ये शेजारी जोडली की डोळा सहज पुढे जातो, पण कान ठेचकाळतो. मग आवाजांची पातळी सारखी करायची, खर्जातले वा टिपेतले जादा छाटायचे, आणि त्या जागेची नुसती शांतता वेगळी मुद्रित करून दोन्हींच्या खाली सलग अंथरायची. शांततेलाही प्रत्येक खोलीत निराळा आवाज असतो! एवढ्यानेही भागले नाही, तर चांगल्या ध्वनीत थोडा घुमारा मिसळून त्याला वाइटाच्या पंगतीला बसवायचे. कारण घुमारा घालणे सोपे, काढणे महाकठीण.

ही रीत उलटी फिरवलेली मी पाहिली ती पीटर जॅक्सन यांच्या 'द बीटल्स : गेट बॅक' या २०२१ च्या अनुबोधपटात. जानेवारी १९६९ मध्ये मायकेल लिंडसे-हॉग यांनी लंडनमध्ये या चार गवयांच्या तालमी चित्रित केल्या होत्या. सुमारे ६० तासांची फिल्म आणि १५० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण साठले. त्यातले पुष्कळसे नाग्रा यंत्राच्या फितीवर, बोलणे आणि वाद्ये एकत्र कालवलेले. जॅक्सन यांच्या मंडळींनी संगणकाला कंठ कोणता आणि गिटार कोणती हे ओळखायला शिकवले. ताकभात कालवल्यावर ताक आणि भात पुन्हा निराळे करावेत, तसाच हा प्रकार.

३० जानेवारी १९६९ चा गच्चीवरचा कार्यक्रम या चित्रपटाचा कळस आहे. त्या दिवशी दहा कॅमेरे होते : काही गच्चीवर, काही खाली रस्त्यात, एक इमारतीच्या दारात लपवलेला. गाणी तळघरातल्या आठ पट्ट्यांच्या यंत्रावर मुद्रित होत होती. वाऱ्याची फुरफुर टळावी म्हणून मायक्रोफोनांवर बायकांचे पायमोजे चढवले होते. खाली वाटसरूंची मते साध्या मायक्रोफोनवर टिपली जात होती. रस्त्यातली माणसे बोलतात ती रस्त्यासकट बोलतात. गच्चीवर गेलो की गाणे भरून येते. आवाज निरनिराळे, पण एकही दुसऱ्याला ढकलीत नाही. याला मी उत्तम जुळवणी म्हणतो.

पण मन अडले ते दुसऱ्याच जागी. जॉर्ज हॅरिसन १० जानेवारीला तालीम सोडून गेला. १३ तारखेला जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी उपाहारगृहात त्याविषयी बोलत बसले. टेबलावरच्या कुंडीत दिग्दर्शकाने मायक्रोफोन दडवला होता, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. काटेचमच्यांच्या खणखणाटात बुडालेले ते बोलणे आता पाण्यातून काढून पुसल्यासारखे ऐकू येते. त्या क्षणाचे चित्र मात्र नाही.

पूर्वी असले मुद्रण कानावर आले की त्याची अस्पष्टताच सांगत असे, हे चोरून ऐकलेले आहे. आवाज स्वच्छ झाला, आणि ती साक्ष पुसली गेली. येथे जॅक्सन यांनी सचोटी राखली : मायक्रोफोन लपवलेला होता, हे ते पडद्यावर लिहून सांगतात. परंतु जॅक्सन यांनीच म्हटल्याप्रमाणे, खाजगी बोलणे टिपले जाऊ नये म्हणून ही मंडळी कधी कधी मुद्दाम गिटार छेडीत बोलत. तो आडपडदाही यंत्राने बाजूला सारला; आणि तेथे तशी पाटी लागलेली माझ्या तरी ध्यानात आली नाही. जे त्यांनी झाकले होते, ते मोकळेपणी सांगितल्यासारखे आपण ऐकतो. माझी तक्रार एवढीच आहे. कानाला ठेच लागू नये इतपत जुळवणी हवी. पण समोर बसून सांगितलेले आणि आडून ऐकलेले यांतला भेद तिने मिटवू नये. मिटवलाच, तर तो शब्दांनी भरून द्यावा.

एवढे बोलूनही चित्रपट अवश्य पाहावा असेच मी म्हणेन. तो जवळजवळ पावणेआठ तासांचा, तीन भागांत आहे. दिवाळीच्या सुटीत घरातल्या मोठ्या मुलांना घेऊन रोज एक भाग पाहता येईल. कुंडीचा प्रसंग आला, की तो एकदा डोळे मिटून ऐका. मग मुलांना विचारा, आपल्या जेवणाच्या टेबलावरचे बोलणे कुणी असे लख्ख करून जगाला ऐकवले, तर चालेल का? माझ्या घरी या प्रश्नावर बराच वेळ कुणी बोलले नाही.