आठवणी पुरावा ठरतात का? टिम मॅकार्व्हरच्या पुस्तकाच्या निमित्ताने

गुणात्मक संशोधनाकडे वळणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. आत्मचरित्र, आठवणी, मुलाखती हा 'डेटा' धरायचा का? गाईड विचारतात, "हे ऐकीव, याला आधार काय?" दुसऱ्या टोकाला काही जण असे असतात की माणूस तिथे हजर होता, एवढ्यावर त्याचा शब्द प्रमाण मानतात. दोन्ही टोकं सोयीची आहेत, कारण दोन्हींत वाचायचे कष्ट वाचतात. म्हणून आज एक पुस्तक घेऊन बघू की असं लेखन वाचायचं कसं.

पुस्तक आहे अमेरिकन बेसबॉलपटू टिम मॅकार्व्हरचं, 'ओ, बेबी, आय लव्ह इट!'. ते रे रॉबिन्सन या लेखकाच्या साथीने १९८७ साली आलं. मॅकार्व्हर कॅचर होता. बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: पिचर चेंडू फेकतो, बॅटर मारतो आणि बॅटरच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा तो कॅचर. आपल्या विकेटकीपरसारखाच, पण एक मोठा फरक आहे. पुढचा चेंडू कसा टाकायचा, याची खूण कॅचर बोटांनी करतो. पिचरला ती पटली तर ठीक, नाही तर तो मान हलवतो आणि दुसरी खूण मागतो. म्हणजे प्रत्येक चेंडू ही दोघांमधली छोटीशी वाटाघाट असते, आणि तीही १८.४४ मीटर अंतरावरून, न बोलता.

मॅकार्व्हरने ही वाटाघाट दोन अफाट पिचरांशी केली. पहिला सेंट लुईस कार्डिनल्सचा बॉब गिब्सन, दुसरा स्टीव्ह कार्लटन. अशा माणसाच्या आठवणी म्हणजे खजिनाच, असं आपल्याला वाटतं. आहेच. पण त्या खजिन्यात तीन वेगवेगळ्या प्रकारचा माल एकत्र पडलाय: त्याने पाहिलेलं, त्याला वाटलेलं, आणि त्याने लावलेलं कारण. वाचताना हे तीन वेगळे करायला हवेत.

पहिला प्रकार बघा. २ ऑक्टोबर १९६८, वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना. गिब्सनने डेट्रॉइटच्या १५ बॅटरना स्ट्राइकआउट करून सॅंडी कूफॅक्सच्या विक्रमाशी बरोबरी केली. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतायत आणि मॅकार्व्हर स्कोअरबोर्डकडे बोट दाखवतोय. गिब्सनला मात्र कळतच नाही की हा चेंडू परत का देत नाहीये, आणि तो वैतागतो. (शेवटी आकडा १७ झाला.) हा प्रसंग मैदानात हजारोंनी पाहिला, त्याचं चित्रीकरण आहे. इथे मॅकार्व्हरचा शब्द इतर साधनांशी ताडून पाहता येतो. साक्षीदार म्हणून त्याची पत किती, हे अशा जागी ठरतं.

दुसरा प्रकार जास्त मोलाचा, कारण तो दुसरीकडे मिळत नाही. मॅनेजरने सांगितलं म्हणून मॅकार्व्हर खेळ थांबवून गिब्सनशी बोलायला जायचा, आणि गिब्सन त्याला हाकलून द्यायचा. पिचिंगबद्दल तुला एवढंच ठाऊक आहे की तुला ते खेळता येत नाही, अशा अर्थाचा त्याचा टोमणा मॅकार्व्हरने जन्मभर हसत हसत सांगितला. हसू येतंच, पण विनोद बाजूला ठेवून बघा, यात माहिती काय आहे? खूण कॅचर करतो हे नियमाने खरं, पण अधिकार कुणाचा, हे त्या जोडीने रोज नव्याने ठरवलं जायचं. 'कॅचर सामना चालवतो' हे वाक्य प्रशिक्षणाच्या पुस्तकांत सापडतं. कॅचरला गप्प बसवलं जातं, हे सांगायला कॅचरच लागतो.

इथून एक साधा नियम घ्या. सांगणाऱ्याच्या मोठेपणाला जे कमी करतं, त्याला वजन जास्त द्या. मॅकार्व्हर मेम्फिसचा गोरा मुलगा, गिब्सन ओमाहाचा कृष्णवर्णीय खेळाडू. सुरुवातीच्या काळात एकदा बसमध्ये गिब्सनने मुद्दाम त्याच्या हातातल्या ऑरेंज सोड्याचा एक घोट मागितला. मॅकार्व्हर गडबडला आणि तुझ्यासाठी थोडं ठेवतो, असं काहीतरी पुटपुटला. ही गोष्ट त्याने पुढे स्वतःच अनेकदा सांगितली. ती सांगून त्याचा मान वाढत नव्हता, म्हणून ती विश्वासार्ह वाटते. शिवाय गिब्सननेही आत्मकथनं लिहिली आहेत ('स्ट्रेंजर टू द गेम', १९९४, हे त्यातलं एक), त्यामुळे या नात्याची दुसरी बाजूही वाचायला मिळते.

कार्लटनच्या बाबतीत ही सोय नाही. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने पत्रकारांशी बोलणंच बंद केलं आणि ते मौन अनेक वर्षं टिकलं. मग कार्लटनच्या डोक्यात काय चालतं, हे सांगणारा कोण? मॅकार्व्हर. तो बोलका, पुढे नावाजलेला समालोचक झालेला (२०१२चा फोर्ड फ्रिक पुरस्कार त्यालाच मिळाला), किस्सा कुठे संपवायचा याची जाण असलेला माणूस. एकाच साक्षीदाराकडे सगळी साक्ष असेल, आणि तो गोष्टीवेल्हाळ असेल, तर आपण सावध व्हायला हवं. किस्सा सांगून सांगून गुळगुळीत होतो. आणि इथे तर लेखनात दुसऱ्या लेखकाचा हातही आहे.

आता तिसरा प्रकार: कारण. मॅकार्व्हर कार्लटनचा 'खास' कॅचर म्हणून ओळखला जाई. दोघं मेल्यावर पिचर आणि कॅचरमधल्या अंतरावरच पुरले जातील, असा त्याचा विनोद प्रसिद्ध आहे. यातून वाचक आपोआप निष्कर्ष काढतो: मॅकार्व्हर होता म्हणून कार्लटन फुलला. हे तपासता येतं का? थोडंफार येतं.

बाजूने पुरावा असा. १९७३ साली फिलाडेल्फियाकडून मॅकार्व्हरशिवाय खेळताना कार्लटनने १३ सामने जिंकले आणि २० हरले. मॅकार्व्हर १९७५मध्ये संघात परतला. १९७६ला कार्लटन २० विजय, ७ पराभव. १९७७ला २३ विजय आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. झालं की सिद्ध!

थांबा. कार्लटनचा सर्वांत थोर मोसम १९७२चा. फिलाडेल्फियाचा संघ वर्षभरात जेमतेम ५९ सामने जिंकला, त्यातले २७ एकट्या कार्लटनचे. आणि त्याच वर्षी १४ जूनला मॅकार्व्हरची माँट्रियलला रवानगी झाली, बदल्यात आला कॅचर जॉन बेटमन. कार्लटनची सलग १५ विजयांची मालिका बहुतांश त्यानंतरची आहे. त्याला एकूण चार साय यंग मिळाले: १९७२, १९७७, १९८०, १९८२. यांतल्या फक्त १९७७मध्ये मॅकार्व्हर पूर्ण मोसम त्याचा कॅचर होता.

मग मॅकार्व्हर थापा मारतो का? तसं अजिबात म्हणत नाही. १९७२ने त्याचं कारण खोटं पाडलं असंही नाही, कारण विजय-पराभव हे मोजमापच ढोबळ आहे, त्यात संघाचा वाटा मोठा असतो. मुद्दा एवढाच की ज्या जागी तो बसला होता तिथून 'मी नसतो तर?' हे दिसूच शकत नाही. गिब्सनचंही तसंच. १९६८ला त्याने दर नऊ डावांमागे सरासरी १.१२ धावा दिल्या. पण त्या वर्षी सगळीकडेच पिचरांचं राज्य होतं, इतकं की पुढच्या मोसमापासून पिचरच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली. कॅचरला समोरचा पिचर दिसतो, अख्खी लीग दिसत नाही.

इथपर्यंत वाचून संख्यात्मकवाले खूश झाले असतील. त्यांच्यासाठी पुढचा भाग.

१९९९मध्ये कीथ वूलनरने आकडेवारी तपासून मांडलं की पिचरच्या कामगिरीवर कॅचरचा परिणाम असलाच, तरी तो हाती लागत नाही. खेळाडू मात्र तो आहे म्हणून सांगत राहिले. मग प्रत्येक चेंडूचा मार्ग टिपणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा मैदानांवर आली. तिच्या नोंदी वापरून २०११मध्ये माइक फास्टने दाखवलं की सीमारेषेवरचा चेंडू कॅचर कसा झेलतो, यावर पंचाचा निर्णय बदलतो, आणि मोसमभरात हा फरक धावांमध्ये मोजण्याइतका मोठा होतो. म्हणजे परिणाम होता, आधीचं साधन तोकडं होतं. 'सापडला नाही' म्हणजे 'नाहीच' असं नव्हे, हे वाक्य भिंतीवर लावून ठेवा.

पण गंमत यातच आहे. कॅचरांच्या आठवणींत अभिमान असतो तो डोक्याचा: कुठली खूण केली, पिचरचा मूड कसा सांभाळला. मोजता आला तो हाताचा वाटा, म्हणजे चेंडू कसा झेलला. 'आमच्यामुळे फरक पडतो' हे अनुभवी लोक बरोबर सांगत होते. कशामुळे पडतो, हे मात्र तेवढ्याच खात्रीने सांगता येत नव्हतं. मायकेल पोलानीने १९६६च्या 'द टॅसिट डायमेन्शन'मध्ये मांडलेली कल्पना हीच: आपल्याला येतं ते आपल्याला सांगता येण्यापेक्षा जास्त असतं.

म्हणून माझ्या लेखी पुस्तकाची किंमत अशी: कारणांसाठी कच्चं, प्रसंगांसाठी चांगलं, आणि नात्यातला अधिकार कसा ठरतो हे समजायला फार उपयोगी. आकडे सांगतात की फरक पडला. पिचरने मान हलवल्यावर कॅचरने माघार कशी घेतली, हे आकड्यांत कुठेच नाही.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातल्या एखाद्या 'दुसऱ्या' माणसाच्या आठवणी निवडा: साथीदार, सहायक, नर्स, मुकादम, कुणीही. दहा पानं घ्या आणि तीन रकाने करा: पाहिलं, वाटलं, कारण लावलं. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसमोर लिहा की ती खोटी ठरवायला काय लागेल. तुमचे संशोधन प्रश्न बहुधा तिथेच सापडतील. आणि दुसरा रकाना रिकामा राहिला, तर पुस्तक बदला.