चिनहटचे मौलवी आणि मराठी अभिग्रहण

30 जून 1857 रोजी लखनौजवळील चिनहट येथे सर हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेचा पराभव झाला आणि रेसिडेन्सीच्या वेढ्यास प्रारंभ झाला. या लढाईत भाग घेणारे फैजाबादचे मौलवी अहमदुल्लाह शाह हे मूलतः फिरते सूफी प्रवचनकार होते. स्वारीपुढे वाजणाऱ्या डंक्यावरून लोक त्यांना ‘डंका शाह’ म्हणत. त्यांची वाणी मौखिक. ती आज मुख्यतः इतरांच्या लेखनातूनच भेटते. म्हणूनच लोकप्रिय मुस्लिम प्रवचनकारांविषयीच्या सार्वजनिक वादाचा विचार करताना त्यांचे उदाहरण उद्बोधक ठरते.

या वाणीची तीन वाचने परस्परांसमोर ठेवता येतात. कंपनी सरकारच्या दृष्टीने ती चिथावणी होती. मौलवींना पकडून देणाऱ्यास 50,000 रुपयांचे इनाम जाहीर झाले. त्यांचे शिष्य फतेह मुहम्मद ताइब यांच्या ‘तवारीख-ए-अहमदी’ या उर्दू मसनवीत तीच वाणी गुरुपरंपरेचा आदेश म्हणून अवतरते. तो आदेश देणारे गुरू मेहराब शाह ग्वाल्हेरचे. तिसरे वाचन मराठी आहे. वि. दा. सावरकर यांनी 1857 वरील ग्रंथ मराठीत लिहिला. 1909 मध्ये तो प्रथम इंग्रजीत प्रकाशित झाला. त्यात मौलवींसाठी स्वतंत्र प्रकरण असून ब्रिटिश इतिहासकार मॅलेसन यांनी केलेल्या गौरवाचाही आधार घेतला आहे.

सावरकर प्रवचनातील धर्मभाव वगळत नाहीत. ‘स्वधर्म आणि स्वराज्य’ या सूत्रात त्याचे रूपांतर करतात. या रूपांतरामुळे मौलवी मराठी वाचकाला आपले वाटतात. मात्र त्याची किंमतही आहे. जिहाद पुकारण्याचा अधिकार कोणाचा, हा मुस्लिम समाजांतर्गत वाद त्यात मावळतो. लखनौत तो वाद जिवंत होता. अठराव्या शतकात मुल्ला निजामुद्दीन यांच्या अभ्यासक्रमाने फरंगी महलला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. 1855 मध्ये हनुमानगढीच्या प्रश्नावर मौलवी अमीर अली निघाले, तेव्हा वाजिद अली शाह यांच्या दरबाराने त्यांच्याविरुद्ध उलेमांची मते मिळवली. विद्यापीठाची अधिसत्ता अध्ययनपरंपरेतून येते, प्रवचनकाराची श्रोत्यांतून. ‘मौलवी’ या एकाच शब्दात हा भेद झाकला जातो.

महाराष्ट्रातील वादातही हाच भेद निसटतो. हमीद दलवाई यांनी 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. समाजाच्या कायद्यावर धर्मपंडितांचा अधिकार का असावा, हा त्यांचा प्रश्न अध्ययनपरंपरेला उद्देशून होता. मुंबईचे झाकीर नाईक मात्र मदरशातून आलेले नव्हते. शिक्षणाने ते वैद्यकीय पदवीधर. पाठांतर, इंग्रजी व्याख्यान आणि दूरचित्रवाणी ही त्यांची साधने, आणि अनेक परंपरानिष्ठ उलेमा त्यांचे विरोधक. नोव्हेंबर 2016 मध्ये त्यांच्या इस्लामिक रिसर्च फाउंडेशनवर केंद्र सरकारने बंदी घातली, तेव्हा वादाचा भर परिणामांवर राहिला. भाषणाचा घाट, प्रमाणांचा वापर, श्रोत्यांशी जुळणारे नाते यांची समीक्षा क्वचितच झाली.

कीर्तन आणि प्रवचन यांच्या प्रयोगरूपाचा विचार मराठी समीक्षेला अपरिचित नाही. तोच निकष मुस्लिम तकरीरीला लावला, तर तिचे समर्थन होत नाही की तिला अभयही मिळत नाही. तिच्या दाव्यांची तपासणी तेवढी शक्य होते. चिनहटच्या मौलवींना मराठीने गौरवले, पण त्यांची तकरीर तकरीर म्हणून ऐकण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.