लॅपटॉप उघडायला शिकवणारी मार्गदर्शकं : एक पद्धती-विभाग म्हणून परीक्षण

पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, ‘शोधनिबंधातला पद्धती विभाग चांगला की वाईट हे कसं ओळखायचं?’ आज मी शोधनिबंध बाजूला ठेवतो आणि लॅपटॉप घरी उघडून दुरुस्त कसा करायचा हे सांगणाऱ्या मार्गदर्शकांचं परीक्षण करतो. कारण तीही पद्धतीच असते. कुणीतरी एक काम केलं, ते लिहून किंवा चित्रित करून ठेवलं आणि आता अनोळखी माणसाने तेच काम करून तोच निकाल मिळवायचा आहे.

गेल्या मे महिन्यात पाथर्डीला घरी असताना माझा लॅपटॉप मधूनच बंद पडायला लागला. डेटाचं विश्लेषण सुरू केलं की दहा-पंधरा मिनिटांत पंखा घोंघावायचा आणि स्क्रीन काळी. एक व्हिडिओ बघून मी तो उघडला. धूळ निघाली, पण कीबोर्डची चपटी केबल ज्या खाचेत बसते तिची बारीक कडी तुटली. व्हिडिओतली कडी वर उचलायची होती, माझ्या लॅपटॉपमधली बाहेर सरकवायची होती. मॉडेलचं नाव तेच, वर्ष वेगळं. मग नगरच्या चकरा, सुट्या भागाची वाट आणि तीन आठवडे काम ठप्प. घाई माझीच होती. पण त्या तीन आठवड्यांत मी अशी मार्गदर्शकं संशोधकाच्या नजरेने परत वाचली.

ढोबळमानाने ती तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार व्हिडिओचा. यात हात दिसतात, जोर किती लावायचा याचा अंदाज येतो. तळाचं झाकण बिजागरीच्या बाजूने की पुढून सोडवायचं, हे शब्दांत सांगणं अवघड. इथे ते दोन सेकंदांत कळतं. पण जिथे अडचण येते नेमकं तिथेच व्हिडिओ कापलेला असतो. रबरी पायाखाली लपलेला स्क्रू सापडायला बनवणाऱ्याला किती वेळ लागला, हे कधीच दिसत नाही. आपल्याला निकाल दिसतो, प्रयत्न दिसत नाहीत.

दुसरा प्रकार आयफिक्सिटसारख्या संकेतस्थळांचा. काइल वीन्स आणि ल्यूक सोल्स या दोन विद्यार्थ्यांनी 2003 मध्ये कॅलिफोर्नियात ते सुरू केलं. वीन्स यांचा लॅपटॉप बिघडला होता आणि त्याची दुरुस्ती-पुस्तिका कुठेच मिळत नव्हती, ही त्यामागची गोष्ट. या लेखनाची शिस्त खरंच शिकण्यासारखी आहे: सुरुवातीला अवजारांची यादी, मग एका पायरीत एक काम, फोटोतल्या खुणेचा रंग आणि मजकुरातल्या ठिपक्याचा रंग एकच. खाली वाचकांच्या प्रतिक्रिया असतात आणि त्यात ‘माझ्याकडे हे चाललं नाही’ असंही लिहिलेलं सापडतं. शोधनिबंधात हे फार क्वचित मिळतं.

तिसरा प्रकार कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. थिंकपॅडची मॅन्युअल लेनोवो खुली ठेवते. वाचायला रूक्ष, पण प्रत्येक स्क्रूचा व्यास, लांबी, संख्या आणि किती पिळायचा हेही त्यात दिलेलं असतं. हे उगाच नाही. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू गेला तर तो खालच्या बोर्डात घुसू शकतो. मात्र ही पुस्तिका प्रशिक्षित तंत्रज्ञासाठी लिहिलेली आहे. ‘काय करायचं’ ते नेमकं सांगते, ‘का’ ते बऱ्याचदा गृहीत धरते.

आता माझा मुख्य आक्षेप. यातली बहुतेक मार्गदर्शकं जोडणीपाशी आली की एकाच वाक्यात हात झटकतात: याच पायऱ्या उलट क्रमाने करा. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे खटकलं पाहिजे. प्रोसेसर आणि उष्णता वाहून नेणारी तांब्याची पट्टी यांच्यामधली थर्मल पेस्ट एकदा सुटली की तशीच परत लावता येत नाही. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी लागते. बॅटरी चिकटवलेली असेल तर ती चिकटपट्टीही गेली. म्हणजे प्रक्रिया उलटवता येण्यासारखी नाही.

दुसरं असं, की उघडताना यंत्रच आपल्याला पुढची पायरी सांगतं. स्क्रू राहिला असेल तर झाकण निघत नाही. जोडताना ही सोय नसते. वायफायची वायर पट्टीखाली दबली तरी झाकण बसतं, चपटी केबल तिरकी गेली तरी कडी लागते. चूक कळते ती सगळं बंद केल्यावर. अवघड भाग जोडणीचा, आणि लेखनात तोच गाळलेला.

तिसरा आक्षेप दाव्यांबद्दल. ‘पेस्ट बदलली आणि तापमान इतकं उतरलं’ असे आकडे सगळीकडे दिसतात. पण त्याच वेळी पंखाही साफ केलेला असतो. मग फरक कशाने पडला? आधीचं मोजमाप दुपारी आणि नंतरचं रात्री असेल, तर पाथर्डीच्या मे महिन्यात खोलीच्या तापमानातच किती अंतर पडतं! लॅपटॉप थंड झाला, एवढ्यावर दुरुस्ती करणाऱ्याचं भागतं. पण ‘पेस्टमुळे थंड झाला’ असं म्हणायचं तर एका वेळी एकच बदल, तोच प्रोग्रॅम, तीच खोली आणि खोलीच्या तापमानाची नोंद हवी. दुरुस्ती आणि प्रयोग यांत फरक आहे तो इथे.

याहून चांगला पद्धती विभाग मला आमच्या भागातच सापडला. विहिरी-बोअरवर शेती चालते तिथे मोटार जळणं नेहमीचं, आणि वाइंडिंगची दुकानंही नेहमीची. जुनी तार काढण्याआधी कारागीर वेढे मोजतो, तारेचा गेज बघतो, कॉइल कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत गेली ते लिहून घेतो. याला तो ‘डाटा’च म्हणतो. त्याला पक्कं माहीत असतं, की तार एकदा ओरबाडून काढली की ही माहिती जगात कुठेच उरणार नाही. तो उघडण्याची कृती लिहीत नाही, परत जोडायला जे लागेल ते लिहितो.

मग मार्गदर्शक टाकाऊ आहेत का? अजिबात नाही. ती नसती तर आपण दुकानदाराच्या मर्जीवर असतो. फ्रान्समध्ये 2021 पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे 10 पैकी गुण छापावे लागतात, आणि माहिती-पुस्तिका उपलब्ध आहे का हा त्यातला एक निकष आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं आणि इलेक्ट्रॉनिक्स शेजारी-शेजारी आहेत, हे मला योग्यच वाटतं. पण पुस्तिका मिळणं ही अर्धीच गोष्ट. ती वापरण्यासारखी लिहिलेली हवी.

म्हणून उघडायचाच असेल तर आधी डेटाची प्रत दुसरीकडे घ्या. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर लिहून ठेवा. मॉडेलचं नाव नाही, तळावरचा पूर्ण क्रमांक जुळवा. चार्जर काढा, झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर पुढे जाऊ नका. कागदावर लॅपटॉपचा तळ काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा आणि प्रत्येक केबलचा फोटो ती सोडवण्याआधी घ्या, नंतर नाही.

आणि पुढच्या वेळी एखादा पद्धती विभाग वाचाल तेव्हा हेच विचारा. नेमकं कोणतं उपकरण, कोणती आवृत्ती? परत न फिरणारी पायरी कोणती? कारण दिलंय की नुसती सवय सांगितलीय? कुठे फसलं ते लिहिलंय का? मी सध्या माझ्याच प्रबंधाचं तिसरं प्रकरण या प्रश्नांनी तपासतोय. पहिल्याच पानावर एका द्रावणाबद्दल ‘नेहमीप्रमाणे तयार केले’ असं वाक्य सापडलं. ते आता परत लिहायला घेतलंय.