तीन बियांचा प्रयोग : खालच्या बीचे काय होते?

बीजांकुरणाचा पाठ आला की एक आकृती हमखास फळ्यावर येते. चंचुपात्रात उभी काचपट्टी, तिला घेवड्याच्या तीन बिया बांधलेल्या. एक पाण्याबाहेर, दुसरी पाण्याच्या पातळीवर, तिसरी पूर्ण बुडालेली. चार-पाच दिवसांनी मधली तेवढी रुजते, म्हणून रुजण्यास पाणी, हवा आणि योग्य तापमान लागते, असा निष्कर्ष. साहित्य स्वस्त, आकृती सुबक, उत्तर पाठ करायला सोपे. प्रयोग इतकी वर्षे टिकला तो यामुळेच असावा.

तापमानाचे कलम तर सरळ खोडावे. तिन्ही बिया एकाच तापमानाला होत्या; मग त्याची परीक्षा झाली कुठे?

आमचा मुख्य आक्षेप खालच्या बीविषयी आहे. ती पुष्कळदा रुजू लागते. पाणी शोषून फुगते, साल फाटते, आदिमूळ डोकावते. मग वाढ थांबते आणि पुढे ती कुजून घाण वास येतो. कारण समजण्यासारखे आहे. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम. शिवाय स्थिर पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. फुगलेल्या बीचे श्वसन झपाट्याने वाढते आणि एवढा पुरवठा तिला पुरत नाही. म्हणजे ती 'रुजत नाही' असे नव्हे. सुरुवात करून अडते.

वहीत मात्र 'खालची बी रुजली नाही' हेच वाक्य असते, आणि ते बहुधा प्रयोगाआधीच लिहून झालेले असते. एखाद्या मुलीने तो इवला मोड दाखवला, तर 'पुस्तकात आहे तसे लिही' असे सांगितले जाते. डोळ्यांनी पाहिलेले खोडायला शिकवणाऱ्या तासाला प्रयोगाचा तास कसे म्हणावे?

पुन्हा, प्रत्येक स्थितीत बी एकच. ती मेलेली असली तर? किंवा टणक सालीमुळे पाणीच आत न घेणारी असली तर? उसळ करणाऱ्यांना असे गणंग चांगले ठाऊक असतात. प्रत्येक स्थितीत निदान दहा बिया हव्यात. (सुती दोरा पाणी वर ओढतो आणि वरची बीही ओलावते, ही गंमत वेगळीच!) 'हवा लागते' हे तपासायचे तर दुसऱ्या पात्रात माशांच्या टाकीच्या पंपाने बुडबुडे सोडावेत आणि दोन्हींतल्या बुडालेल्या बियांची तुलना करावी. निष्कर्षही घेवड्यापुरताच लिहावा. भाताचा दाणा ऑक्सिजन नसतानाही पाण्याखाली कोंब लांबवतो. मुळे मात्र वाढत नाहीत.

खरे तर याहून चांगला प्रयोग घरोघरी चालतो. मटकी रात्रभर भिजवतात, सकाळी पाणी उपसून ओल्या फडक्यात बांधतात. उपसायचे का? मूठभर मटकी पाण्यातच ठेवून पाहा, असे वर्गाला सांगितले की शेकडो दाण्यांचा प्रयोग फुकटात होतो.

हाच मुद्दा कुंडीतही उपयोगी पडतो. नवशिका बागवान घेवडा पेरतो आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, बी कुजते, आणि दोष बियाण्याच्या पाकिटाला. कुंडीचे भोक मोकळे ठेवावे, माती आधी भिजवून बी ३-४ सेंटिमीटर खोल टोचावी, आणि माती सुकू लागेपर्यंत पुन्हा पाणी देऊ नये. घेवडा आपली बीजपत्रे वाकड्या मानेने ओढत जमिनीवर आणतो. हरभरा ती खालीच ठेवतो. म्हणून वर घट्ट पापुद्रा धरणाऱ्या मातीत घेवड्याची मान मोडते. हे दोन्ही शेजारी पेरून मुलांना पाहू द्यावे.

आणि फळ्यावर ती जुनी आकृती काढायचीच असेल, तर खालच्या बीला तिचा मोड जरूर काढावा.